डोलकाठीवरचा फुगा

३१ ऑक्टोबर १९६८. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या टिनमथ बंदरातून तीन धडांची एक नवीकोरी होडी दुपारी बाहेर पडली आणि थोड्याच वेळात ओढून परत आणावी लागली. शिडं वर चढत नव्हती. डोलकाठीच्या टोकाला घडी करून एक रबरी पिशवी बांधलेली होती. ती बांधताना घाईत शिडं ओढायचे दोरही तिच्याबरोबर आवळले गेले होते. शर्यतीच्या नियमाप्रमाणे त्या दिवशी मध्यरात्रीच्या आत निघणं भाग होतं. गुंता सोडवला गेला आणि ४ वाजून ५२ मिनिटांनी ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’ दुसऱ्यांदा निघाली. होडीवर एकटाच माणूस होता. नाव डोनाल्ड क्रोहर्स्ट, वय ३६, धंद्याने इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणं बनवणारा. त्याला कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती.

ती रबरी पिशवी म्हणजे त्याचा जीव की प्राण. होडी वादळात आडवी झालीच, तर पिशवी आपोआप फुगणार, डोलकाठीचं टोक पाण्यात बुडू देणार नाही आणि होडी पुरती उलटायची थांबणार. मग पंप सुरू होऊन वरच्या बाजूच्या पोकळ धडात पाणी भरणार आणि त्या वजनाने, लाटांच्या धक्क्याने, होडी परत सरळ होणार. हे सगळं एक संगणक चालवणार. १९६८ साली, चाळीस फुटी लाकडी होडीत, संगणक! वर्तमानपत्रांना ही कल्पना फार आवडली.

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजायला आपल्या कोकणातली उलांडी आठवावी. लहान होडीच्या एका बाजूला दोन आडव्या काठ्या आणि त्यांच्या टोकाला लाकडाचा ओंडका. होडी त्या बाजूला कलली की ओंडका पाण्यात दबतो आणि तिला वर रेटतो, उलट बाजूला कलली की त्याचं वजन तिला खाली ओढतं. ट्रायमरान म्हणजे मधलं मोठं धड आणि दोन्ही अंगांना पोकळ उलांड्या. मधलं धड काढून टाकून दोन सारखी धडं आडव्या तुळयांनी जोडली की झाली कॅटमरान. (हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला. कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडं. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या त्या ओंडक्यांच्या तराफ्याला दोन धडं नसतातच. जोडहोडी खरी पॉलिनेशियन लोकांची. नाव एकाचं, वस्तू दुसऱ्याची, असा हा इंग्रजांचा घोळ.)

अशा होडीचा तोल रुंदीवर उभा असतो. वारा शिडावर भरला की जुन्या घाटाची एकधडी होडी खुशाल वीस-पंचवीस अंश कलते. कॅटमरान दहा-बारा अंशांतच वाऱ्याकडचं धड पाण्याबाहेर काढते, आणि तिचा तोल सांभाळणारा जोर तेव्हाच सगळ्यात जास्त लागलेला असतो: तिचं वजन गुणिले दोन धडांमधल्या अंतराचं निम्मं. तिथून पुढे हा जोर वाढत नाही, घटतच जातो. ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास तो संपतो. वाऱ्याचा रेटा मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. वीस नॉटचा वारा चाळीस झाला की रेटा चौपट. म्हणून बहुधडी होडीवर शीड कधी आवरायचं हे कळणं म्हणजेच नावाड्याची अक्कल. एकधडी होडी कलून-कलून आधीच सांगते की आता पुरे. कॅटमरान शेवटपर्यंत सरळ धावते आणि एकदम सांगते.

बरं, उलटल्यावर काय? पाट सुलटा ठेवा नाहीतर उपडा, पाण्यावर तो सारखाच निवांत तरंगतो. कॅटमरान आणि ट्रायमरान यांचं तसंच आहे. खाली डोलकाठी लोंबते, वर तळ उघडा पडतो, आणि त्या अवस्थेत त्या इतक्या स्थिर असतात की समुद्रात माणसांच्या बळाने त्या परत सुलट्या होत नाहीत. बुडत मात्र नाहीत, कारण तळाला जड काही नसतं. एकधडी होडीची रीत याच्या अगदी उलट. तिच्या पोटाखाली शिशाचं किंवा लोखंडाचं नीरम असतं. कितीही पाडा, परत उठून बसणाऱ्या बाहुलीसारखी ती उभी राहते. पण आत पाणी भरलं तर तेच लोखंड तिला तळाला नेतं.

म्हणजे एक होडी उभी राहते पण बुडू शकते, दुसरी बुडत नाही पण उभी राहत नाही. क्रोहर्स्टला दोन्ही हवं होतं.

आता शर्यतीबद्दल. १९६६-६७ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर सिडनीला एक मुक्काम करून एकटा जग फिरून आला होता. आता न थांबता कोण फिरतो, एवढंच उरलं होतं. ‘संडे टाइम्स’ने मार्च १९६८ मध्ये शर्यत जाहीर केली. १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात कधीही निघा. पहिला पोचेल त्याला ‘गोल्डन ग्लोब’ नावाचा चषक, सगळ्यात कमी दिवसांत फिरेल त्याला ५००० पौंड. होडीची तपासणी नाही, नावाड्याची परीक्षा नाही. नऊजण निघाले. त्यात काही पट्टीचे दर्यावर्दी होते आणि काहींना समुद्राचा अनुभव जवळजवळ नव्हताच.

या नऊ होड्यांतली एक मुंबईची होती. ‘सुहेली’ हे तिचं नाव, अरब खलाशांमधलं, आग्नेयेकडून येणाऱ्या एका वाऱ्याचं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींवरचा तरुण अधिकारी. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६३-६४ मध्ये कुलाब्याच्या कारखान्यात ही ३२ फुटी होडी सागवानात बांधून घेतली. आराखडा १९२० च्या दशकातला, म्हणजे तेव्हाच चाळीस वर्षांचा जुना, दोन्ही टोकं निमुळती आणि बूड जड. बांधणारे सुतार वाकसाने लाकूड तासत होते आणि दोरी गुंडाळलेल्या कमानीने गिरमिट फिरवत होते. वाऱ्याचा बोगदा, नवे धातू, प्लास्टिक यांच्या त्या जमान्यात ही होडी म्हणजे बैलगाडीच. मुंबईहून आफ्रिकेला वळसा घालून तिने १९६७ मध्ये इंग्लंड गाठलं. शर्यतीसाठी नॉक्स-जॉन्स्टनला मोठी, वेगवान, पोलादी होडी हवी होती. पैसे जमले नाहीत, म्हणून सुहेलीच घेऊन तो १४ जूनला फॅलमथहून निघाला. जिंकण्याच्या यादीत त्याचं नाव कोणी फारसं धरलं नव्हतं.

दुसरं टोक म्हणजे ट्रायमरान. त्या काळात त्यांचा नुसता बोलबाला होता. आर्थर पायव्हर नावाच्या कॅलिफोर्नियाच्या माणसाने प्लायवूडच्या ट्रायमरानचे आराखडे काढले. सुतारकामाची आवड असलेला कोणीही घराच्या अंगणात त्या बांधू शकत होता. स्वस्त, रुंद, आत ऐसपैस, वाऱ्यात सुसाट. पायव्हर स्वतःच्या होड्यांतून अटलांटिक आणि पॅसिफिक फिरला होता आणि त्यांच्या सुरक्षिततेबद्दल ठासून बोलायचा. १९६८ मध्येच, अटलांटिकच्या एकट्याच्या शर्यतीसाठी पात्रता-सफर करायला तो पंचवीस फुटी ट्रायमरान घेऊन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून निघाला आणि परत आलाच नाही.

शर्यतीतल्या दोन होड्या त्याच्याच आराखड्याच्या, ‘व्हिक्ट्रेस’ जातीच्या: सुमारे चाळीस फूट लांब, बावीस फूट रुंद. एक क्रोहर्स्टची. दुसरी नौदलातले लेफ्टनंट कमांडर नायजेल टेटली यांची. तिचं नावही ‘व्हिक्ट्रेस’च. टेटली दांपत्याचं ते राहतं घर होतं. दुसरी होडी मिळेना, तेव्हा टेटली घरासकटच शर्यतीला निघाले. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीने मदत केली म्हणून सोबत भरपूर संगीत होतं. १६ सप्टेंबरला त्यांनी प्लिमथ सोडलं.

क्रोहर्स्टचा जन्म गाझियाबादचा, १९३२ सालचा. वडील हिंदुस्थानात रेल्वेत होते. १९४७ मध्ये कुटुंब इंग्लंडला परतलं, आणि इकडे हिंदुस्थानात खेळाच्या सामानाच्या धंद्यात घातलेली पुंजी फाळणीच्या धामधुमीत गेली. मुलगा हुशार, बोलका, चारचौघांत छाप पाडणारा. हवाईदल झालं, भूदल झालं, मग ‘इलेक्ट्रॉन युटिलायझेशन’ नावाची स्वतःची कंपनी. रेडिओच्या साहाय्याने दिशा दाखवणारं ‘नॅव्हिकेटर’ हे त्याचं उपकरण चांगलं होतं, पण धंदा बसत चालला होता. शर्यत जिंकली तर जाहिरात फुकटात होणार होती. एका उद्योजकाने पैसे लावले, अट अशी की जमलं नाही तर ते फेडायचे. घर आणि धंदा दोन्ही गहाण पडलं.

ट्रायमरान उलटते हे क्रोहर्स्टला पक्कं ठाऊक होतं, आणि नेमका हाच प्रश्न आपण सोडवला आहे असं तो सगळ्यांना सांगत होता. दोन्ही उलांड्यांच्या बाजूंना पाणी लागलं की वीज वाहू देणारे अग्र, त्यातून येणारा इशारा, इशाऱ्याने उघडणारी कार्बन डायऑक्साइडची टाकी, टाकीतून डोलकाठीच्या आतून टोकापर्यंत जाणारी नळी, टोकाला पिशवी. कागदावर पाहिलं तर यात वेडेपणा काहीच नाही. माझ्या मते तर त्या शर्यतीत या प्रश्नाचा मुळापासून विचार केलेला तो एकटाच. पण होडी पाण्यात उतरली २३ सप्टेंबरला, आणि निघायची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. नॉरफोकमधल्या ब्रंडलहून टिनमथला यायला तीन दिवस पुरतील असा त्याचा हिशेब होता, लागले तेरा. निघाला तेव्हा होडीत रंगीबेरंगी तारा ठिकठिकाणी नीट ओढलेल्या होत्या. सगळ्या येऊन एका बैठकीखाली संपत होत्या. तिथे संगणक असायला हवा होता. तिथे काहीच नव्हतं.

आणखी एक गोष्ट राहिली होती. धडांमधलं पाणी उपसायला लागणारा लांब होज बंदरावरच राहून गेला. पंधरा दिवसांतच एका उलांडीचं झाकण गळू लागलं आणि हा माणूस बादलीने पाणी उपसू लागला. उलटलेल्या होडीत पाणी भरून तिला उभी करायची ज्याची योजना, त्याच्याकडे सरळ उभ्या होडीतलं पाणी काढायची सोय नव्हती. नोव्हेंबरच्या मध्यावर त्याने वहीत होडीच्या दोषांची लांबलचक यादी केली. दक्षिण महासागरात शिरलो तर वाचायची शक्यता निम्मीच, असा स्वतःच्या मरणाचा हिशेबही थंडपणे मांडला. हा हिशेब बहुधा बरोबरच होता. परत फिरावं तर दिवाळं, पुढे जावं तर मरण. त्याने तिसरी वाट धरली. डिसेंबरात एका दिवसात २४३ मैल कापल्याची तार त्याने पाठवली, विक्रम म्हणून ती छापली गेली, आणि तिथून पुढे तो दक्षिण अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला. जगप्रदक्षिणेच्या खोट्या जागा कागदावर रचत. रेडिओ जानेवारीपासून एप्रिलपर्यंत बंद.

इकडे सुहेलीला सप्टेंबरातच दक्षिण महासागराचा पहिला तडाखा बसला होता. लाटेने तिला सपशेल आडवं पाडलं. कोठीचं छप्पर डेकपासून हललं, पिण्याचं पाणी नासलं, आणि नॉक्स-जॉन्स्टन आतल्या सामानाखाली गाडला गेला. सामान बाजूला सारून तो उठेपर्यंत होडी उभी होती. तिला कोणी उभं केलं नव्हतं, पोटाखालच्या लोखंडाने आपलं काम केलं होतं. पुढे स्वयंचलित सुकाणू मोडलं, रेडिओ बंद पडला, कित्येक महिने तिचा पत्ता नव्हता. २२ एप्रिल १९६९ ला ती फॅलमथला आली. निघाल्यापासून दहा महिन्यांनी. न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस कुलाब्यात बांधलेल्या होडीतून घरी आला.

ती शर्यत इथे संपली असती तर तोलाची गोष्ट सोपी होती: जड बूड जिंकलं, रुंद उलांड्या हरल्या. पण टेटली यांच्या व्हिक्ट्रेसनेही दक्षिण महासागर पार केला होता. १८ मार्च १९६९ ला तिने केप हॉर्नला वळसा घातला. बहुधडी होडी एकट्याने तिथवर आणून दाखवणारे ते पहिले. मोठमोठ्या लाटा आल्या, भिंती फाटल्या, सांधे उकलले, पण ती उलटली नाही. प्लायवूडचं ते घर अटलांटिकमध्ये वर येताना हळूहळू सुटं होत चाललं होतं. टेटली जरा सबुरीने आले असते तर पोचले असते. पण मागून टिनमथ इलेक्ट्रॉन भराभर जवळ येते आहे अशा बातम्या रेडिओवर येत होत्या. क्रोहर्स्टने एप्रिलमध्ये पुन्हा बोलायला सुरुवात केली होती. ५००० पौंडांचं बक्षीस आता या दोघांतच होतं. त्या नऊजणांतला फ्रेंच मोइतेसिए जिंकण्याच्या बेतात असताना शर्यत सोडून ताहितीकडे निघून गेला होता. टेटलींनी शिडं आवरली नाहीत. मेच्या २० तारखेच्या रात्री, अझोर्स बेटांजवळच्या वादळात, एका उलांडीचा पुढचा भाग तुटला आणि त्याने मधल्या धडालाच भोक पाडलं. घर साधारण ११०० सागरी मैलांवर होतं. ते तराफ्यात उतरले, आणि २१ मेला एका इटालियन तेलवाहू जहाजाने त्यांना उचललं. मागून येणारा प्रतिस्पर्धी मुळात अटलांटिकच्या बाहेर गेलाच नव्हता, हे त्यांना नंतर कळलं.

आता क्रोहर्स्ट जिंकणार होता. सत्कार होणार होते आणि त्याच्या वह्या जाणकार उघडून बघणार होते. त्याला तेच नको होतं. दुसऱ्या क्रमांकाने आला असता तर कोणी वह्या तपासल्या नसत्या. जूनमध्ये त्याने होडी जवळजवळ वाऱ्यावर सोडून दिली आणि काळ, देव, मन यांच्याविषयी पानंच्या पानं लिहीत बसला. शेवटची नोंद १ जुलै १९६९ ची. १० जुलैला ‘पिकार्डी’ या टपालवाहू जहाजाला अटलांटिकच्या मध्यावर टिनमथ इलेक्ट्रॉन दिसली. मागच्या डोलकाठीवर शीड होतं, होडी हलक्या वाऱ्यात मंद चालत होती. आत वह्या होत्या, तारा होत्या. माणूस नव्हता. होडी पूर्ण सरळ उभी होती.

जिच्यासाठी सगळा खटाटोप केला ती रबरी पिशवी कधी फुगलीच नाही. दोन्ही ट्रायमरान उलटल्याच नाहीत. एक सांध्यांत मोडली, दुसरी रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने शेवटी त्यालाच मिळालेले ५००० पौंड क्रोहर्स्टच्या बायको-मुलांना देऊन टाकले.

फुग्याची कल्पना मात्र मेली नाही. त्यानंतर कित्येक वर्षं ब्रिटिश कॅटमरानच्या डोलकाठीच्या टोकाला अंड्याच्या आकाराचा टणक फुगा दिसायचा. होडी आडवी झाली तर तिथेच थांबावी म्हणून. शांत खाडीत त्याचा उपयोग असेलही. मोठ्या समुद्रात वारा त्याच फुग्याला धरून डोलकाठीवर भार टाकायचा, आणि शिवाय तो दिसायचा हास्यास्पद. आणखी काहींनी पाणी भरून, हात-पंप लावून, टोकावर टोक पालथं घालून उलटलेली होडी उभी करायच्या युक्त्या काढल्या. लहान होड्यांना त्या कधी कधी लागू पडल्या. कुटुंब घेऊन फिरायच्या चाळीस-पंचेचाळीस फुटी कॅटमरानला त्यातली एकही समुद्रात उपयोगी पडेल असं म्हणता येत नाही. तिची खरी ढाल तिचा आकार आहे. लांबी-रुंदी सगळीच दुप्पट केली तर वाऱ्याचा उलटवणारा जोर आठपट होतो, आणि तोल सांभाळणारा जोर सोळापट. म्हणून छोटी शर्यतीची होडी उलटते आणि जड, कमी शिडाची, मोठी होडी सहसा उलटत नाही. फुटणाऱ्या लाटेला मात्र हा हिशेब कळत नाही.

उत्तर दुसऱ्याच बाजूने आलं, आणि ते माणसांनी उलट्या होड्यांवर दिवस काढत शोधलं. एप्रिल १९७६ मध्ये अमेरिकन फिल वेल्ड आपली साठ फुटी ट्रायमरान ‘गल्फ स्ट्रीमर’ घेऊन एका साथीदारासह शर्यतीसाठी इंग्लंडला निघाला होता. अटलांटिकमध्ये ती उलटली. साडेचार दिवस दोघे उलट्या होडीला धरून राहिले, मग एका मालवाहू जहाजाने त्यांना घेतलं. वेल्डने घाबरून समुद्र सोडला नाही. चार वर्षांनी, पासष्टाव्या वर्षी, ‘मॉक्सी’ नावाच्या ट्रायमरानमधून त्याने अटलांटिकची एकट्याची शर्यत अठरा दिवसांच्या आत जिंकली. १९७८ मध्ये मात्र जोडहोडीच्या मूळ घराण्यातच घात झाला. ‘होकुलेआ’ ही हवाई लोकांनी जुन्या घाटावर बांधलेली ६२ फुटी जोडहोडी १६ मार्चला ताहितीकडे निघाली आणि त्याच रात्री मोलोकाई बेटाजवळच्या समुद्रात पाणी भरून उलटली. सकाळी एडी आइकाऊ हा नावाजलेला जीवरक्षक लाटांवर स्वार व्हायची फळी घेऊन मदत आणायला किनाऱ्याकडे निघाला. होडीला धरून राहिलेले बाकीचे सगळे वाचले. एडी कधीच सापडला नाही. होडी सोडू नये, हा नियम तेव्हापासून हवाईमध्ये कोणाला शिकवावा लागत नाही.

आणि मग ‘रोझ-नोएल’. १ जून १९८९ ला न्यूझीलंडच्या पिक्टन बंदरातून ही ट्रायमरान टोंगाकडे निघाली. तिचा मालक जॉन ग्लेनीने ती स्वतः बांधली होती. होडीत चौघे. ४ जूनच्या पहाटे लाटेने ती उलटवली. ऐन थंडीचे दिवस. संकटाचा इशारा देणारं यंत्र त्यांनी सुरू केलं, ते बॅटरी संपेपर्यंत ओरडत राहिलं, कोणाला ऐकू गेलं नाही. धड हलक्या फोमच्या थरांचं असल्याने होडी बुडाली नाही. वर आलेल्या तळाला त्यांनी भोक पाडलं, आणि मागच्या बाजूला पलंगाएवढ्या जागेत चौघे एकमेकांना चिकटून झोपू लागले. पावसाचं पाणी अडवायची व्यवस्था केली, मासे मारले, वरच्या तळाला अंगण केलं आणि खालच्या कोठीला घर. कोणी दिसेल म्हणून वाट पाहत, भांडत, समेट करत ११९ दिवस. ३० सप्टेंबरला होडी ग्रेट बॅरियर बेटाच्या खडकांवर आदळली आणि चौघेही चालत किनाऱ्यावर आले. लोकांचा विश्वासच बसेना. एवढे दिवस उपाशी राहिलेली माणसं इतकी धडधाकट कशी? अधिकाऱ्यांनी वारे आणि प्रवाह तपासले, होडी तपासली आणि चौघांचं म्हणणं खरं ठरवलं.

क्रोहर्स्टने वीस वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाला या चौघांनी नकळत उत्तर दिलं होतं. होडी उभी करू नका, उपड्या होडीत राहता येईल असं बघा. उलटल्यावर ती तरंगलीच पाहिजे, आतून बाहेर आणि बाहेरून आत जाता आलं पाहिजे, बांधून घ्यायला कड्या आणि अन्नपाणी उलट्या बाजूनेही हाताशी लागलं पाहिजे. १९९४ च्या युरोपीय निर्देशात १२ मीटरहून लांब प्रत्येक बहुधडी सफरी होडीत उलटल्यास बाहेर पडायचा मार्ग असलाच पाहिजे, असं कायद्याने लिहिलं गेलं. आज कॅटमरानच्या धडांच्या आतल्या बाजूला पाण्यालगत दिसणाऱ्या त्या छोट्या खिडक्या ही त्याचीच खूण. सफरीवर आलेली पोरं त्यातून मासे बघतात.

जड बूडवाल्यांनी यावर फार फुशारकी मारू नये. जानेवारी १९९७ मध्ये टोनी बुलिमोर दक्षिण महासागरात आपल्या एकधडी शर्यतीच्या होडीत उलटा अडकला, कारण तिच्या तळाचं नीरमच तुटून गेलं होतं. उपड्या होडीच्या काळोखात त्याने काही दिवस काढले. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने धडावर ठोकून पाहिलं तेव्हा तो आतून पोहत बाहेर आला. रुंद होड्यांबाबत जी भीती घातली जायची, ती त्या दिवशी अरुंद होडीने खरी करून दाखवली.

आणि २०१८. पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून गोल्डन ग्लोब पुन्हा भरवली गेली. नियम असा की जुन्या घाटाची, लांब कण्याची एकधडी होडीच हवी. बहुधडी होड्यांना प्रवेशच नाही. भारतातून कमांडर अभिलाष टॉमी उतरला. त्याची ‘तुरिया’ गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधलेली, सुहेलीचीच प्रतिकृती. कुलाब्याच्या होडीची नात म्हणा. २१ सप्टेंबरला, तो तिसऱ्या क्रमांकावर असताना, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने तुरियाला लोळवलं. डोलकाठ्या तुटल्या. तुरिया परत उभी राहिली, आराखड्यात लिहिल्याप्रमाणे. आत अभिलाष पाठीचे मणके मोडून पडला होता, उठून उभं राहणं त्याला शक्य नव्हतं. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ नावाच्या फ्रेंच मासेमारी-गस्तीच्या जहाजाने त्याला उचललं. पुढच्या शर्यतीत, २०२२-२३ मध्ये, तो पुन्हा उतरला आणि दुसरा आला. तुरिया त्या वेळी सोबत नव्हती. तिला समुद्रातच सोडून द्यावं लागलं होतं.